तात्यांचा खिशातला चाकू: पॉलिश करावा की आहे तसा राहू द्यावा?

कादवाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय किरकोळ आहे, पण आमच्या घरात त्यावरून दोन पक्ष पडलेत, म्हणून इथे टाकतोय.

वडिलांचा, म्हणजे तात्यांचा, एक घडीचा चाकू माझ्याकडे आहे. मिटला की तळहातात मावतो. दोन पाती, एक मोठं आणि एक बारकं. मोठं पातं धार लावून लावून जवळपास निम्मं झालंय. बुडाशी, जिथं दगड पोचत नाही, तिथं मूळची रुंदी शिल्लक आहे. तेवढ्यावरून कळतं की बाकीचं पोलाद तात्यांच्या निसण्यावर गेलं. रंग काळपट निळा. मूठ कसल्याशा शिंगाची, वर खडबडीत, पण अंगठा टेकतो तिथं गुळगुळीत. बुडाशी इंग्रजी अक्षरं आहेत, त्यातलं "...जर्स" आणि "...फील्ड" एवढंच लागतं. शेजारी एक चांदणी आणि एक अधिकच्या चिन्हासारखं काहीतरी.

मुळात हा आजोबांचा. आजी सांगायची, देवळाली कॅम्पातल्या गोऱ्या साहेबानं दिला. तात्या म्हणायचे, साहेब कशाला देतोय, म्हाताऱ्यानं भद्रकालीच्या बाजारातून आणला असेल. दोघंही आता नाहीत, त्यामुळे वाद मिटलेला नाही.

तात्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात तो कायम असायचा. ठिबकची नळी कापायची, खताच्या गोणीची शिवण उसवायची, पोरांना पेरूच्या फोडी करून द्यायच्या, सगळं त्यानंच. पायात बाभळीचा काटा मोडला की बारक्या पात्याचं टोक काडीपेटीच्या जाळावर धरायचे, मग सदऱ्याच्या टोकाला पुसायचे (म्हणजे निर्जंतूक केलेलं सगळं वाया), आणि काट्याच्या कडेची कातडी अशी उचलायचे की रक्ताचा टिपूस नाही. आम्ही रडायची तयारी करून बसलेलो असायचो आणि काटा त्यांच्या नखावर. संध्याकाळी पातं कोरडं करून तेलाचं बोट. मिटताना खटका वाजू द्यायचे नाहीत, हळूच टेकवायचे. आम्ही कुणी फटकन मिटला तर "कमानी तुझ्या सासऱ्याची नाही" असं ऐकून घ्यावं लागायचं.

तर पोरगा सातपूरला कारखान्यात आहे. तो म्हणतो, "पप्पा, द्या, बफ मारून आरशासारखा करून आणतो." सौ. त्याच्या बाजूला. माझं मन होत नाही, पण कारण विचारलं तर सांगता येत नाही. जाणकारांनी सांगावं.

आणखी एक शंका. या चाकूनं मला आजतागायत सरळ काप घेता आला नाही. तिरकंच जातं. तात्यांना कसं जमायचं?

पंचवटीकर

काटा काढायचं वर्णन वाचून पाय आखडले. आमच्याकडे हे काम सुईनं व्हायचं आणि बोंब गोदाघाटापर्यंत जायची.

पॉलिशला माझा विरोध. कारण मलाही सांगता येत नाही. :)

टूलरूम

कादवाकाठ, कारण मी सांगतो. आयुष्य अंबडच्या एका टूलरूममध्ये गेलं, तेव्हा एवढा हक्क आहे.

तुमचं पातं साध्या कार्बन पोलादाचं आहे, स्टेनलेस नाही. तो काळपट निळा रंग म्हणजे घाण नव्हे. कांदा, कैरी, पेरू यांच्या आंबटपणानं आणि तुरटपणानं पोलादावर एक थर धरतो आणि तो थर तांबड्या गंजाला बऱ्यापैकी अडवतो. बफ मारला की तो गेला. पातं आठवडाभर चकाकेल आणि पहिल्याच पावसाळ्यात लाल ठिपके धरेल.

दुसरं, आणि जास्त महत्त्वाचं. तुमचं पातं झिजून पातळ झालंय. पातळ पातं बफच्या फिरत्या चाकावर क्षणात तापतं. पोलाद सव्वादोनशे अंशांच्या आसपास गवती पिवळं दिसतं, तीनशेच्या आसपास निळं. तो निळा दिसला की पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं समजा. मग कितीही धार लावा, दोन टोमॅटो कापले की बोथट. दारावर येणाऱ्या एका धारवाल्यानं आमच्या शेजारच्या काकूंच्या सुरीचं असंच केलं. ठिणग्या बघायला गल्लीतली पोरं जमली होती, सुरी गेली.

चिरंजीवांना सांगा, हौस असेल तर कुरुंदाचा बारीक दगड आणा, पाणी टाका आणि हातानं लावा. पातं दगडाशी साधारण वीस अंशात. घाई नाही, जोर नाही. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर उलट दिशेनं ओढा.

आणि तेल. खोबरेल लावत असाल तर बंद करा. निफाडच्या थंडीत ते पात्यावर आणि सांध्यात थिजून बसतं. गोडेतेल तर नकोच, चिकट होऊन कचरा धरतं. शिलाई मशीनचं तेल आणा. सांध्यात आधी रॉकेलचा एक थेंब, उघडझाप करून काळं पाणी पुसून काढायचं, मग तेल.

कादवाकाठ

टूलरूम साहेब, पोराला वाचून दाखवलं. "बफिंगला आम्ही पेस्ट लावतो, तापत नाही" म्हणाला. पण आवाज बराच खाली आला होता.

जुनापुराणा

ती चांदणी आणि "अधिकचं चिन्ह" वाचून ताडकन उठलो. ते अधिक नसून माल्टीज क्रॉस असणार. चांदणी आणि माल्टीज क्रॉस ही शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स यांची खूण. "...जर्स" म्हणजे रॉजर्स, "...फील्ड" म्हणजे शेफील्ड, इंग्लंडातलं चाकू-सुऱ्यांचं गाव. त्यांचा पत्ता 6, नॉरफोक स्ट्रीट, तोही बऱ्याच पात्यांवर असतो. एका काळी यांचे चाकू-वस्तरे हिंदुस्थानात भरपूर यायचे. त्यामुळे आजीही खरी असू शकते आणि तात्याही.

आता एक काम करा. दुपारच्या तिरप्या उन्हात, भिंग घेऊन, त्या अक्षरांच्या वर बघा. एक मुकुट आणि त्याच्या दोन बाजूंना अक्षरं दिसतात का? आणि "इंग्लंड" असं कुठे आहे का?

कादवाकाठ

बघितलं. मुकुट आहे! डावीकडे जी, उजवीकडे आर. इंग्लंड पण आहे, अगदी पुसट. पोराच्या मोबाईलचा टॉर्च आडवा धरल्यावर दिसलं. फोटो टाकलाय, मोठ्या पात्याचा पुढून आणि मागून.

जुनापुराणा

मग बसलं. "इंग्लंड" ही मोहोर 1890 च्या अमेरिकन आयात कायद्यानंतरची, कारण त्यात मालावर देशाचं नाव घालणं आलं. जी आणि आर म्हणजे राजा जॉर्ज. 1890 नंतरचे जॉर्ज दोनच: पाचवा, 1910 ते 1936, आणि सहावा, 1936 ते 1952. चाकू या दरम्यानचा. आजोबांच्या वयाशी जमतंय का बघा.

खबरदारीचं एक: रॉजर्सच्या नावाची नक्कलही खूप झाली. पण नक्कल करणारे बहुधा नावात थोडा फेरफार करायचे, खूण हुबेहूब मारायला कचरायचे. तुमच्या फोटोतली खूण मला अस्सल वाटते.

मिसळप्रेमी_८७

काय भो, सरळ लिलावात काढा. विकणार असाल तर मी आहे. भाव बोला.

रानभूल

मिसळप्रेमी, थांबा. आणि कादवाकाठ, तुम्हीही.

मुठीचा फोटो मोठा करून पाहिला. टोकाला जिथं कापलेलं दिसतं तिथं मध्यभागी सच्छिद्र आहे आणि वरच्या खाचा कुठेही एकसारख्या नाहीत. हाडाच्या मुठीवर खाचा यंत्रानं पाडलेल्या असतात, त्या ठरावीक अंतरावर येतात. हे सांबरशिंग आहे. शेफील्डवाले मुठींसाठी सांबराची शिंगं हिंदुस्थानातूनच नेत असत. म्हणजे इथल्या जंगलातलं शिंग बोटीनं तिकडं गेलं आणि चाकू होऊन परत आलं. आजीच्या साहेबापेक्षा ही गोष्ट मला जास्त आवडली.

पण सांबरशिंगाच्या वस्तूची खरेदी-विक्री 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, मग ती वस्तू कितीही जुनी असो. ऑनलाइन जाहिरात टाकणं म्हणजे हौसेनं अडचण ओढवून घेणं. विकायचा विचार असेल तर आधी वनखात्याच्या कार्यालयात विचारा.

मिसळप्रेमी_८७

माझा भाव मागे घेतला आहे. मी चाकू बघितलाच नाही, मी मिसळ खात होतो.

कादवाकाठ

विकायचा प्रश्नच नाही हो. तात्या वरून काठी घेऊन येतील.

रेघोटी

धागा आवडला. आमच्याही घरात एक चाकू आहे, पण तो आईचा. बाईच्या पर्समध्ये चाकू म्हटल्यावर लोक दचकायचे.

आई चित्रकलेची शिक्षिका. एलिमेंट्री-इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की आमच्या ओटीवर पंधरा-वीस पोरं आणि पेन्सिलींचा ढीग. टोकयंत्राला तिच्या वर्गात बंदी. टोकयंत्रानं शिसं आखूड आणि गोल निघतं, छायेसाठी लांब आणि उघडं शिसं लागतं, हे तिचं म्हणणं. चाकू स्थिर धरायचा आणि पेन्सिल मागं ओढायची, चाकू पुढं ढकलायचा नाही. सहा बीच्या पेन्सिलीचं शिसं इतकं मऊ की जरा जास्त दाबलं की टप. तिच्या हातून मात्र लाकडाची साल एकसलग वळत यायची आणि शिसं बोटाच्या पेराएवढं उघडं पडायचं. वाया गेलेली भुकटी एका डबीत, ती नंतर कापसानं आकाशाला लावायची.

चाकू कुणाच्या हातात द्यायची नाही. जमिनीवर ठेवायची, समोरच्यानं उचलायचा. हातात दिला तर भांडण होतं म्हणे. माझं आणि तिचं भांडण तरीही रोज व्हायचं, पण त्याचं खापर चाकूवर कधी फुटलं नाही.

आता माझी मुलगी टॅबवर चित्रं काढते. पेन्सिल तिथंही आहे म्हणे, टोक करावं लागत नाही.

पंचवटीकर

रेघोटी ताई, ती भुकटीची डबी आमच्याही सरांकडे होती. शिंकलो होतो एकदा त्यात. पुढचं विचारू नका.

देवळालीचा_पोऱ्या

मी वयानं लहान आहे, माझ्यासाठी खिशातला चाकू म्हणजे लाल मुठीचा स्विस. वडील तोफखान्यात होते, देवळालीलाच. काकांनी परदेशातून आणून दिलेला. त्याचीही गोष्ट मोठी आहे: कार्ल एल्सनर नावाच्या माणसानं 1884 साली इबाख गावात कारखाना काढला, 1891 मध्ये स्विस लष्कराला चाकू पुरवले, आणि बुचस्क्रू वगैरे असलेला "ऑफिसर" चाकू 1897 चा. एल्सनरच्या आईच्या नावावरून कंपनीचं नाव व्हिक्टोरिया, आणि 1921 मध्ये स्टेनलेस आल्यावर त्याला आयनॉक्स (म्हणजे स्टेनलेसच) जोडून व्हिक्टोरिनॉक्स.

बाबांनी त्यातला बुचस्क्रू कधी बुचासाठी वापरला नाही (घरात माळकरी आजी होती). बुटांच्या ओल्या नाड्यांची गाठ सोडवायला मात्र त्याच्यासारखं हत्यार नाही. चिमटा हरवला तेव्हा बाबांना जे वाईट वाटलं ते माझ्या बारावीच्या मार्कांनाही वाटलं नव्हतं.

मिसळप्रेमी_८७

अवांतर: असा चाकू खिशात ठेवला तर पोलीस धरतात का? मित्र म्हणतो रामपुरी समजून आत टाकतील.

टूलरूम

शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, त्यातही घरकामाची, शेतीची आणि धंद्याची हत्यारं वेगळी धरलेली आहेत. रामपुरीला खटक्याचं कुलूप असतं, या चाकूला नुसती कमानी. पण मिरवणुकीत, सभेत, विमानतळावर घेऊन जाऊ नका, आणि तिथं नियम सांगत बसू नका. विमानानं जायचं तर चेक-इनच्या बॅगेत.

दिंडोरीचा_बागाईतदार

उशिरा आलो, द्राक्षबागेत डाऊनीची (बुरशीच्या रोगाची) फवारणी चालू होती. सगळे प्रतिसाद वाचले. कादवाकाठ भाऊ, तुमच्या शेवटच्या शंकेला कुणीच हात घातला नाही. तिरकं का जातं?

तुमचा पुढून-मागून फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा. एका बाजूनं पातं पार सपाट आहे, दुसऱ्या बाजूनं उतार. दुकानातून येतो तेव्हा अशा चाकूला दोन्हीकडून सारखा उतार असतो. हा मुद्दाम एका अंगानं घासलेला आहे. हा कलमाचा चाकू केलाय तुमच्या तात्यांनी.

आमच्याकडे पूर्वी द्राक्षाची काडी सरळ जमिनीत लावायचे. पुढं पाणी कमी पडायला लागलं, जमिनीत क्षार वाढले, तेव्हा नव्वदच्या दशकात डॉगरिजच्या जंगली खुंटावर थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश या जातींची कलमं भरायची पद्धत पसरली. पाचर कलम. काडीला खालून दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, दीड-दोन इंच. एका ओढीत. दोनदा चाकू फिरवला की पृष्ठभाग लाटालाटांचा होतो, मग काडीचा आणि खुंटाचा सालीखालचा हिरवा थर एकमेकाला चिकटत नाही, मध्ये हवा राहते, कलम वाळतं. एका ओढीत सरळ काप यायचा तर पात्याची एक बाजू सपाटच पाहिजे. मग खुंट मधोमध चिरायचा, पाचर बसवायची, प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची.

आता गंमत. आमच्या गड्यांच्या चाकूंना ज्या बाजूला उतार आहे, तुमच्या फोटोत तो त्याच्या उलट बाजूला आहे. मी आमचे तीन चाकू ओट्यावर मांडून ताडून बघितलं.

तात्या डावरे होते का?

कादवाकाठ

अंगावर काटा आला.

हो. डावरे होते. जेवायचे उजव्यानं, कारण आजीनं लहानपणी चटके दिले होते. लिहायचेही उजव्यानं, वाईट अक्षरात. बाकी खुरपं, कात्री, चाकू, आमच्या पाठीत धपाटा, सगळं डाव्या हातानं. मी उजवा. म्हणून तिरकं!

आणि कलमांचं म्हणाल तर, हो, लोक बोलवायला यायचे. आम्ही लहान नव्हतो पण लक्ष नव्हतं. मी तेव्हा नाशकात नोकरीला लागलेलो, शनिवारी घरी जायचो. तात्या ओल्या फडक्यात काड्या गुंडाळून, कडेला चाकू घेऊन कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून निघालेले असायचे. पैसे घ्यायचे नाहीत, द्राक्षाच्या सीझनला एक क्रेट यायचं घरी. ते कुणाकडून येतं हे मला नीट माहीतच नव्हतं.

जुनापुराणा

शिक्क्यावरून मी चाकूचा राजा ओळखला, बागाईतदारांनी धारेवरून माणसाचा हात ओळखला. नमस्कार घ्या.

रेघोटी

बफ मारला असता तर हे गेलंच असतं ना? सपाट बाजू, उतार, सगळं.

टूलरूम

गेलं असतं. बफ कडा गोल करतो. आणि हो, मी वर दोन्ही बाजूंनी वीस अंश या हिशेबानं सांगितलं होतं, ते या चाकूला लागू नाही. उताराची बाजू त्याच कोनात घासा. सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून फक्त धारेवर वळलेली बारीक किनार काढण्यापुरती एक-दोनदा फिरवा.

पंचवटीकर

घरात दुसरं कुणी डावरं आहे का?

कादवाकाठ

आहे. धाकट्या भावाची मुलगी. कृषीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि तिला कुणी चटके दिले नाहीत. काल फोन करून सांगितलं तर म्हणाली, "मोठेबाबा, मला कॉलेजात कलमाच्या प्रॅक्टिकलला उजवाच चाकू देतात, सर म्हणतात तुझा हात बसत नाही."

घरी हे बोललो आणि वातावरण तापलं. सौ. म्हणतात, चाकू आपल्या पोराचा, तुमच्यापर्यंत आला तसा त्याच्याकडे जाणार. पोरगा म्हणतो, मला बफच मारू देत नाही तर घेऊन काय करू. सौ. त्याच्यावर चिडल्या. मी निसणा घेऊन गच्चीत येऊन बसलोय.

देवळालीचा_पोऱ्या

काका, दर खंडेनवमीला पूजेला तुमच्या घरी आणायचा, बाकी वर्षभर तिच्याकडे. दोन्ही पक्ष खूश.

कादवाकाठ

हे सौ.ला पटू शकेल. खंडेनवमीला तात्या त्याला झेंडूचं एक फूल वाहायचे आणि त्या दिवशी हात लावू द्यायचे नाहीत. पेरू दातानं तोडून खायचा. विचारून बघतो.

दिंडोरीचा_बागाईतदार

पूजेचं तुमचं तुम्ही बघा. माझ्याकडे या वर्षी नव्या प्लॉटात नांग्या (वेल न जगलेल्या रिकाम्या जागा) बऱ्याच पडल्यात, खुंट पेन्सिलीएवढे झालेत, ऑगस्टच्या शेवटाला कलमं भरायला घेणार. पुतणीला घेऊन या. आधी जुन्या काड्यांवर हात बसवू द्या, मग खुंटावर. जेवण आमच्याकडे. चारचाकी वस्तीपर्यंतच येते, पुढं चिखल आहे, गमबूट आणा. आणि तात्या कोणाकोणाकडे जायचे त्या गावांची नावं आठवत असतील तर व्यक्तिगत निरोपात पाठवा. आमच्या आबांच्या जुन्या प्लॉटातली कलमं कुणी भरली ते त्यांना विचारून ठेवतो.